रांधणारीचं घावन

फेब्रुवारी संपत आला की आमच्या खांदा कॉलनीत चौकाचौकांत फलक लागतात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छा एका ओळीत आणि शुभेच्छुकांचे हसरे चेहरे पंधरा-वीस. त्यातले दोघे-तिघे माझ्याच वर्गात होते आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांनी खाडीत डुंबण्यापलीकडे काही केल्याचं मला आठवत नाही. एरवी अशा फलकांना मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो आणि स्कूटर पुढे काढतो. पण या दिवसांत शिवी घशातच राहते. परीक्षा माझी नाही, मुलीची होऊन दहा-अकरा वर्षं झाली, तरी फलक दिसला की माझी स्कूटर हळू होते.

हवाही अगदी तीच असते. पहाटे गार, नऊपर्यंत बरी, आणि दहा वाजता भट्टीचं दार उघडल्यासारखी. करंजाड्याकडून बांधकामांची धूळ येते, खाडीकडून ओहोटीच्या चिखलाचा खारट वास येतो, आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या आंब्याचा मोहोर खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांवर सांडतो. परवाच्या रविवारी मी खाली स्कूटर पुसत होतो. तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून तापल्या तव्यावर पीठ पडल्याचा चर्रर्र आवाज आला आणि माझ्या हातातलं फडकं थांबलं. एक चर्रर्र, मग झाकण, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा. मी मोजायला लागलो. सहा झाले, सात झाले, मग आवाज बंद. या घरात माणसं किती आणि घालणारीने खाल्लं का, याचा हिशोब मी परक्याच्या खिडकीखाली उभा राहून करत होतो. कुणी पाहिलं असतं तर भलताच अर्थ काढला असता.

मोजणं हा माझा धंदाच आहे म्हणा. द्रोणागिरीला एका गोदामाच्या वजनकाट्यावर मी काम करतो. ट्रक रिकामा येतो तेव्हा तोलायचा, भरून निघतो तेव्हा तोलायचा, दोन्हींतला फरक म्हणजे माल. ऐकायला सोपं आहे. पण ड्रायव्हर मंडळी माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. रिकाम्या गाडीत पाण्याने भरलेले कॅन दडवून आणतील, जादा टायर टाकतील, आत गेल्यावर ते उतरवतील आणि तेवढा माल जास्त घेऊन निघतील. हे सगळे प्रकार मी पकडलेत. गाडी काट्यावर चढतानाच तिचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघून मला वास येतो. याच्या नजरेतून सुई सुटत नाही, असं तिथले लोक म्हणतात. मलाही ते ऐकायला फार आवडायचं.

रविवारी सकाळी घावनं, ही रीत आमच्याकडे माझ्या आईपासून आलेली. आय उरणकडच्या गावातली, जन्म मिठागरावर राबण्यात गेला. तिची घावनं नुसत्या तांदळाची असायची. आम्ही पनवेलला राहायला आलो, मुलगी झाली, आणि माझ्या बायकोने, सुनंदाने, त्यात नाचणी घातली, मूठभर उडीद घातले, शेवग्याचा कोवळा पाला नाहीतर किसलेलं गाजर घातलं. पोरीच्या पोटात चार बऱ्या गोष्टी जाव्यात म्हणून. पीठ तांबूस दिसायचं आणि आय गावाहून आली की नाक मुरडायची, पण खायची. शनिवारी संध्याकाळी मिक्सरवर वाटण काढून ठेवायचं, तेही लोडशेडिंगची वेळ बघून. रविवारी नऊला तवा चढायचा. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. आठवड्यातला तो एकच तास असा होता की ज्यात घरातल्या कुणालाही कुठे जायचं नसे. टीव्ही लावायचा, पंखा मोठा करायचा, जमिनीवर फतकल मारून बसायचं आणि तव्यावरचं घावन थेट ताटात घ्यायचं.

घावन तव्यावरून उतरलं की खायचं असतं. पाच मिनिटांनी त्याचं कातडं होतं. म्हणजे घालणारीने घालत राहायचं आणि बाकीच्यांनी खात राहायचं. आणि आमच्याकडे रांधणारी मागाहून खाते. हा आयचा कायदा. लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं की तू आमच्याबरोबर का बसत नाहीस. ती म्हणाली, "पीठ कवा सरंल त्याचा भरवसा हाय का? कमी परलं तं रांधणारीला परावं. कामाव जानाऱ्याला परून कसा चालंल?" मिठागरावर जायच्या घरात ते शहाणपण होतं. आमच्या फ्लॅटमध्ये पिठाचा डबा कधी रिकामा झाला नाही, तरी कायदा तसाच राहिला. मोडावा असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्या ताटात गरम घावन वेळेवर पडत होतं.

त्या वर्षी मयुरी बारावीला होती. विज्ञान शाखा, पुढे डॉक्टर व्हायचं. डॉक्टर व्हायचं हे तिने ठरवलं की मी, हे आता नक्की सांगता येत नाही. दहावीला तिला चांगले मार्क पडले तेव्हा मी द्रोणागिरीला पेढे वाटताना बोलून गेलो की पोरगी डॉक्टर होणार, आणि बोललेलं परत घेणं माझ्या स्वभावात नाही. आमच्या भावकीत कुणी डॉक्टर नव्हतं. गावात गेलो की लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. ती हसायची. आता आठवतं, की जानेवारीनंतर ती हसायची बंद झाली.

घराला सगळीकडून ताण दिलेला होता. ती पहाटे चारला उठायची, क्लासला जायची, येऊन गॅलरीत पाय पोटाशी घेऊन पुस्तक धरायची. मी घरात आलो की चपला हातात घेऊन आत जायचो. सुनंदा ब्लाउज शिवून द्यायची, लग्नसराई तोंडावर होती, हळदीचे ब्लाउज गठ्ठ्याने पडलेले. पण पोरीला त्रास नको म्हणून ती मशीन फक्त मयुरी क्लासला गेल्यावर चालवायची. शेजारचं कुत्रं भुंकलं तरी मी खिडकीतून त्याच्याशी भांडायचो. आम्ही तिघं एकमेकांशी कुजबुजत बोलायचो. अभ्यास झाला का, पेपर कधी, झोप झाली का, यापलीकडे बोलणंच नव्हतं.

आणि अशात एका रविवारी मयुरी म्हणाली, "आई, आजपासून घावनं मी घालते. तू बस बाबांबरोबर."

सुनंदा म्हणाली, "अगं, अभ्यास कर तू."

"एक तास हात चालले तर डोकं हलकं होतं. बस ना तू."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोरगी पुस्तकातून डोकं वर काढतेय, हातात पळी धरतेय, आईला विश्रांती देतेय. तिची घावनं सुरेखही व्हायची. पळीने पीठ उंचावरून ओतायची, जाळी पडायची, कडा सुटल्या की उलथनं न लावता नुसत्या बोटांनी उचलायची. माझ्या ताटात आणून घालायची, आईच्या ताटात घालायची आणि आत जायची; सुनंदा मात्र आपलं घावन माझं खाऊन होईपर्यंत तसंच ठेवायची. "तू कधी बसतेस?" मी विचारायचो. "तुमचं होऊ द्या. रांधणारी मागाहून," असं आजीच्या थाटात ती म्हणायची, आणि मी सुनंदाकडे बघून भुवया उडवायचो. बघ, आपली पोरगी. वळण लागलं घराचं.

दरम्यान सुनंदाने तिचा पंजाबी ड्रेस दोनदा आत घेतला. शिवणारी बाई ती, तिच्या बोटांना आधी कळलं. एका संध्याकाळी मयुरी क्लासला गेली असताना ती तो ड्रेस माझ्यासमोर धरून म्हणाली, "अहो, ही वाळत चाललीय. मला बरं नाय वाटत."

मी पेपर वाचत होतो. "परीक्षेत सगळीच पोरं वाळतात. मे महिन्यात भरून येईल."

"जेवताना ताटात चिवडत बसते. डबा अर्धा परत येतो."

"रविवारी तीन-तीन घावनं खाते की."

"पाहिलंत तुम्ही खाताना?"

"त्यात काय पाहायचंय?" मी वैतागून म्हणालो. "पातेलं रिकामं होतं ना? मी सहा खातो, तू दोन खातेस. मग बाकीचं पीठ कोण खातं?"

माझा हिशोब पक्का होता. भरलेलं पातेलं आणि रिकामं पातेलं, मधला फरक पोरीच्या पोटात. मला त्याहून जास्त काही विचारायचं सुचलं नाही. सुनंदाने ड्रेसची घडी घातली आणि आत गेली.

मग प्रॅक्टिकलच्या दिवशी कॉलेजातून फोन आला. मयुरी जिन्यात बसली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून. परीक्षा तिने दिली, पण उतरताना कठडा धरूनही तिला उभं राहता येईना. मी काट्यावरून तसाच निघालो. उरण रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली. दोन ट्रकांच्या मधून स्कूटर घालताना मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, ओठ पांढरे, मांडीवर प्रॅक्टिकलची वही. मला बघून पहिलं वाक्य बोलली ते हे, "बाबा, रीडिंग बरोबर आलं माझं."

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्त कमी आहे म्हणाले. खाते का नीट? मी छाती पुढे काढून सांगितलं, खाते, घरचं खाते, बाहेरचं काही नाही, नाचणी खाते. त्यांनी टॉनिक दिलं, खाणं वाढवा म्हणाले, आणि आणखी एक वाक्य बोलले. पेपरात अशी अंधारी आली तर वर्ष जाईल, आणि वर्षाचं सोडा, जिन्यावरून गडगडली तर काय कराल? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लेखी परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. आम्ही पिठात नाचणी वाढवली, खजूर आणले, अंडी आणली. मी रोज कामावरून आलो की दारातच विचारायचो, खाल्लंस? ती म्हणायची, खाल्लं. मी विचारायचो, नक्की? ती म्हणायची, हो ना बाबा. प्रश्न रोज तोच आणि उत्तर रोज तेच, आणि पोरगी उन्हात ठेवलेल्या भाजीसारखी सुकत चाललेली.

त्यानंतरच्या रविवारी नेमकं सकाळी लोडशेडिंग झालं. एरवी रविवारी वीज जात नसे. आम्ही खायला बसलो होतो, माझं चौथं घावन चाललं होतं, आणि पंखा थांबला, टीव्ही बंद पडला. सगळ्या इमारतीवर एकदम शांतता पसरली. कुठेतरी लांब एक कावळा तेवढा ओरडत होता. आतून तव्याचा चर्रर्र आवाज आला, मला पाचवं मिळालं. परत चर्रर्र, सहावं. मग सुनंदाने केव्हाची ताटात पडलेली आपली दोन संपवली. "बास गं, आता तू खा," सुनंदा म्हणाली, हात धुतला आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाईकाचं माप लिहून ठेवायला गेली. मी ताट पुढे सारून भिंतीला टेकलो. आता मयुरीच्या घावनांचे आवाज येतील म्हणून, काही विशेष कारण नसताना, नुसता ऐकत बसलो.

आवाज आला नाही. गॅसचं बटण खट्कन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग पाण्याचा नळ, हळू सोडलेला. सिंकमध्ये पाणी खळखळलं. तवा अजून गरम असणार, कारण त्यावर पाणी पडल्याचा फस्स असा आवाज आला. मग नळ बंद. इतके रविवार पंखा आणि टीव्ही यांच्या खाली हे सगळं झाकलेलं राहिलं होतं.

मी उठून आत गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून पेल्याने पाणी पीत होती. सिंकच्या जाळीवर तांबूस पीठ अडकलं होतं आणि त्यावर शेवग्याची दोन पानं.

"खाल्लंस?"

"हो."

"कधी?"

"आत्ताच."

"तवा वाजला नाही."

 मी सिंककडे बोट केलं. तिने तिकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. 

"किती रविवार?" मी ओरडलो. कॉलनीला ऐकू गेलं असेल.

"जात नाही घशाखाली बाबा," ती म्हणाली. "घास घेतला की इथं अडतो. आणि खाल्लं की झोप येते, मग धडे राहतात. सगळे म्हणतात डॉक्टरीण, डॉक्टरीण. मला नाही येत ते फिजिक्स."

मी ते शेवटचं ऐकलंच नाही. मला फक्त सिंक दिसत होतं. मिठागरावर राबणाऱ्या बाईचा मी मुलगा, आणि माझ्या घरात दर रविवारी अन्न गटारात जात होतं. माझा हात वर गेला. तो खाली आला नाही, पण वर गेला हे तिने पाहिलं, आणि तिने डोळे मिटून घेतले. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते.

तेवढ्यात सुनंदा धावत आली, गळ्यात मापाची टेप तशीच. मी राग तिच्यावर वळवला. तो वळवायला मला नेहमीच सोपा जायचा. "तू काय करत होतीस? आई ना तू? पोरगी खाते की नाही एवढं आईला कळू नये?"

"तिच्यावर ओरडू नका," मयुरी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तिचंच बघून शिकले मी."

"काय शिकलीस?"

"ती पण म्हणते, मी खाते मागाहून. मग चहात पाव बुडवते आणि मशीनवर बसते. पीठ उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी तुमच्याच डब्यात घालते. मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय. तुम्हाला कधी कळलं? नाही ना? मग वाटलं, माझंही नाही कळणार."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळत होती.

"गप गं," ती मयुरीला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज नाय काय."

मी चपला घालून खाली गेलो. कुठे जायचं होतं असं नाही. स्कूटरवर बसलो, चावी न लावता. समोर मोहोर पडलेल्या गाड्या. काट्यावर एखादा ड्रायव्हर लबाडी करताना सापडला की मी त्याला दहा माणसांसमोर उभा करतो, कान उपटतो, कागद परत पाठवतो. इथे कुणाला उभं करू? एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या ताटात काय पडतंय हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं हेही खरं नाही. तिथे ताटच नसायचं, आणि ते नसणं मला खटकलं नव्हतं. पोरीने माझ्या घराची फट बरोब्बर शोधली होती आणि ती त्या फटीतून निसटत चालली होती. हिला काही झालं तर, एवढाच विचार डोक्यात घणासारखा पडत होता.

वर आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, एकमेकींच्या शेजारी. पातेल्याच्या तळाशी आणि कडांना थोडं पीठ उरलं होतं. मी गॅस पेटवला, तवा ठेवला, बोटाने पातेलं निपटून पळीभर पीठ जमवलं आणि ओतलं. जन्मात पहिल्यांदा. ते तव्याला चिकटून बसलं. उलथन्याने खरवडलं तर त्याचे चार तुकडे झाले.

"तवा तापू द्यायचा असतो बाबा," मयुरी खालून म्हणाली.

ते चार तुकडे मी ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवले आणि समोर उकिडवा बसलो. तिने सगळ्यात लहान तुकडा उचलला. तोंडाशी नेला, थांबली.

"बघू नका ना. काट्यावर चढवल्यासारखं बघता तुम्ही."

मी तोंड फिरवून गॅलरीकडे बघत बसलो. वीज अजून आली नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ती चावत होती. बराच वेळ चावत होती. मग गिळल्याचा आवाज आला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, पण मी हललो नाही. पुन्हा चावण्याचा आवाज आला. चारातले दोन तुकडे तिने खाल्ले आणि म्हणाली, "आता बास." मी बरं म्हणालो. आणखी एक घे, असं जिभेवर आलेलं मी कसं गिळलं ते माझं मला माहीत.

"आणि ते डॉक्टरचं," मी गॅलरीकडे बघतच म्हणालो, "ते मी बोललो होतो. तू नाही बोललीस."

 थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस सुखाचे होते असं नाही. ती कधी अर्धं खायची, कधी दोन घास. एकदा ताट बाजूला सारून रडली. आम्ही तिघांनी एकत्र जमिनीवर बसायचं, एकच भाकरी तिघांत तोडायची, आणि कुणी कुणाचं मोजायचं नाही, असं सुनंदाने ठरवलं. पहिल्या पेपराला ती एक अख्खं घावन खाऊन गेली. मी रजा टाकून केंद्राबाहेर उन्हात उभा राहिलो. आणखी शंभर आईबाप उभे होते, सगळ्यांचे डोळे एका फाटकावर. आतून एखादा शिपाई बाहेर आला की वाटायचं हा आपलंच नाव पुकारणार. तीन तासांनी पोरांचा लोंढा सुटला आणि त्यात ती दिसली, आपल्या पायांनी चालत येणारी. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही. फिजिक्सच्या दिवशी तिने आपण होऊन सांगितलं, "गेला बाबा." मी म्हणालो, "जाऊ दे. भूक लागलीय का?" ती म्हणाली, "लागलीय." रस्त्यावरच्या गाडीवर तिने उसाचा रस प्यायला आणि मला वाटलं निकाल लागला.

डॉक्टर ती झाली नाही. आता अलिबागकडच्या एका शाळेत शिकवते, खाऊन-पिऊन चांगली आहे, आणि वर्गातली एखादी मुलगी डबा न उघडता बसली तर तिच्याशेजारी जाऊन स्वतःचा डबा उघडते, असं तिनेच मला सांगितलं. गावातले लोक बरेच दिवस विचारत होते, डॉक्टरीण कुठवर आली? मग विसरले. लोकांना दुसरं काहीतरी मिळतंच.

पण या दिवसांत फलकापाशी माझी स्कूटर हळू होते ती फक्त परीक्षेच्या आठवणीने नाही. लेखी परीक्षेच्या आधीचा तो शेवटचा रविवार आठवतो. आदल्या रविवारच्या चार तुकड्यांनंतरचा. त्या सकाळी पळी मी धरली. आठवडाभर तवा कसा तापवायचा ते सुनंदाला विचारून ठेवलं होतं. मयुरीने आपलं खाल्लं, तिला जमलं तेवढं, आणि गॅलरीत गेली. मी पुढची पळी बुडवली आणि सुनंदाला म्हणालो, "बस. आता तुझं."

"तुमी घ्या ना. मी खाते मागाहून," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं. मग तिचं तिलाच कळलं. ती संकोचून बसली, पाटावर पाहुणी बसते तशी, अर्धी उठलेली.

मी पीठ ओतलं. चर्रर्र झालं, जाळी पडली, या खेपेला चिकटलं नाही. मी झाकण ठेवलं. आणि मग मला कळेना की किती वेळ ठेवू. स्वतःचं मला माहीत होतं, पोरीचंही माहीत होतं. एकोणीस वर्षांच्या संसारात हिचं विचारायची वेळ आली नव्हती.

"तुला कसं आवडतं?" मी विचारलं. "मऊ की कडक?"

ती विचार करायला लागली. खरंच विचार करायला लागली, कपाळाला आठी घालून, एखादी हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं तशी. माहेरी ती थोरली, धाकट्या भावांना घालणारी तीच. लग्न होऊन आली ती आयच्या तव्यापाशी. तव्यावर घावन तयार होत होतं, कडा सुटत होत्या, मी उलथनं हातात धरून तिच्या उत्तरासाठी थांबलो होतो.

"काय माहीत," ती शेवटी म्हणाली. "गरम कधी खाल्लंच नाय मी."